राहून गेलेला काना

सव्वीस जानेवारीला दहा-बारा दिवस राहिले असताना मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, यंदा आदिवासी नृत्य तुमच्याकडं.

आमची शाळा आखाडा बाळापूरची. गाव मोठं, बाजाराचं, आणि पोरं चारी बाजूंच्या वाड्या-तांड्यांवरून येणारी. दरवर्षी देशातल्या विविध संस्कृतींचा म्हणून एक कार्यक्रम होतो. एक पंजाबी नाच, एक राजस्थानी, एक कोळ्यांचा, एक केरळचा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तिरंगा धरून उभं राहायचं. त्यातला आदिवासी नाच आजवर ज्याला वेळ असेल तो बसवायचा. त्या वर्षी सरांच्या लक्षात आलं की शाळेत एक आदिवासी शिक्षिका आहे, तर तिनंच बसवावा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मोठा मान दिल्यासारखं ते म्हणाले की तुमच्याइतकं अस्सल कुणाला जमणार?

मी आंध जमातीची. कळमनुरीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमची पन्नास-साठ घरांची वाडी आहे, ते माझं माहेर. मी सरांना सांगितलं की आमच्याकडं दंडार असते. ती दिवाळीत होते, पुरुष माणसंच करतात, त्यातलेच दोघं लुगडं नेसून बाया होतात. धोतर, पटका, ढोलकं, टाळ. आधी देवाचं नमन, मग गाणी आणि सोंगं. पोरींचा नाच आमच्यात नाही, आणि जानेवारीत तर दंडार नाहीच.

सरांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, धोतर-पटक्यात ते आदिवासी कसं वाटणार? समोर बसलेल्यांना कळायला पाहिजे ना."

मी आणखी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. सेवेत अकरा वर्षं काढल्यावर कुठं बोलायचं आणि कुठं मान हलवायची याचं एक वळण पडून गेलेलं असतं. मी मान हलवली.

कपडे नांदेडहून भाड्यानं आले. हिरव्या प्लास्टिकच्या पानांचे घागरे, लाल-पिवळी रंगवलेली कोंबडीची पिसं, पुठ्ठ्याचे भाले आणि काळ्या रंगाची एक डबी. गाणं मोबाइलवरून घेतलं. त्याला शब्दच नव्हते, नुसते घशातले आवाज. बारा मुली निवडल्या. त्यांत आंधाची एकच होती, सहावीतली, आमच्या शेजारच्याच वाडीची. बाकीच्या सगळ्या जातीधर्मांच्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वर्गात दार लावून मी एकेकीच्या हातापायांना, तोंडाला काळा रंग फासत होते. ती सहावीतली पोरगी रांगेत शेवटी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात पुढं केला आणि हळूच विचारलं, "मॅडम, मी तर काळीच हाय. मला बी लावायचा का?"

मी म्हटलं, सगळ्यांना सारखा लावायचाय. आणि लावला. तिच्या कातडीवर तो रंग दिसतही नव्हता, नुसता चिकटत होता.

मैदानात टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात आमच्या नाचाचा वेगळा उल्लेख केला. म्हणाले, हे आपल्या देशाचे मूळ लोक, ही आपली मूळ संस्कृती, आणि आज इथं ती आपल्याला बघायला मिळाली. मला शाल आणि नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकानं फोटो पाठवला. मधोमध मी, हातात नारळ, आणि भोवती पिसं लावलेल्या बारा काळ्या पोरी. तो मी फोनमध्ये ठेवून दिला. कशासाठी ठेवला, ते तेव्हा कळलं नाही.

त्याच आठवड्यात पत्र आलं होतं. राखीव जागेवर नोकरीला लागलेल्यांनी जात वैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत सादर करावं, नाही केलं तर सेवेबाबत योग्य तो निर्णय घेण्यात येईल. योग्य तो म्हणजे काय, ते नोकरदार माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडं जातीचा दाखला होता. त्याची पडताळणी व्हावी म्हणून नोकरीला लागले तेव्हाच अर्ज केलेला होता. तो अकरा वर्षं कुठल्यातरी कपाटात झोपलेला होता. आता तो जागा झाला होता.

म्हणजे असं, की मैदानात हजारभर माणसांसमोर ज्या देशानं मला आदिवासी म्हणून नारळ दिला, तोच देश पत्र पाठवून विचारत होता की तू आदिवासी कशावरून?

बाईमाणसाची जात बापाकडून बघतात. म्हणून मी वाडीला गेले, बाबांचे कागद गोळा करायला. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबा माझ्या भावाजवळ राहायचे आणि अजून सकाळी उठून बैलांना वैरण टाकायचे. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण आंध हाव, हे समद्या इलाक्याला म्हाईत हाय. ह्यांला कागद काहून लागतो?" मी म्हटलं, सरकारला लागतो. त्यांनी पेटीतून जपून ठेवलेला शाळेचा उतारा काढून दिला. बाबा दोन वर्षं शाळेत गेले होते. आजोबा तर शाळेच्या वाटेलाही गेले नव्हते, त्यामुळं जुना पुरावा म्हणून तेवढाच.

त्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं होतं, 'अंध'. काना राहून गेला होता.

तपासणीच्या कार्यालयात मी हा कागद टेबलावर ठेवला तेव्हा तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं की मॅडम, वडील आंधळे होते का? शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी म्हटलं, वडिलांना अजून सुईत दोरा ओवता येतो. त्यावर तो थोडा वरमला. म्हणाला, "मी गंमत करत नाही. नोंद अशी असली तर आक्षेप निघतो. आंध वेगळं, अंध वेगळं. दुसरा एखादा जुना कागद बघा, स्वातंत्र्याच्या आधीचा."

घरी परत येताना बसमध्ये मी तो उतारा पर्समधून काढून पुन्हा पुन्हा बघत होते. वाटायचं, पेन काढावं आणि एक उभी रेघ ओढून द्यावी. अक्षराएवढी रेघ. पोरांच्या वह्यांत असले काने मी रोज ओढते.

शेवटी भावानं तहसीलच्या जुन्या दप्तरातून आजोबांच्या नावचा जमिनीचा कागद मिळवला. निजामाच्या वेळचा, सगळा उर्दूत. आम्हा दोघांना त्यातलं एक अक्षर कळेना. बाळापुरात एक निवृत्त गुरुजी आहेत, जुन्या उर्दू शाळेत शिकवलेले. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, आजोबांचं नाव वाचलं, गाव वाचलं, मग एका जागी बोट ठेवलं आणि मला जवळ बोलावलं.

"बेटा, ये देखो. अलिफ के ऊपर मद है. मद हो तो आ, नहीं तो अ. आंध लिख्खा है, बराबर लिख्खा है."

मी त्या छोट्या वेलांटीसारख्या खुणेकडं बघत राहिले. मराठी शाळेच्या मराठी गुरुजींकडून राहून गेलेला काना निजामाच्या एका कारकुनानं त्याच्या आधी कित्येक वर्षं नीट लिहून ठेवला होता. गुरुजींनी चहा दिला आणि म्हणाले की भाषांतर मात्र सरकारमान्य माणसाकडूनच करून घ्या, माझं वाचणं तिथं चालायचं नाही. ते मी करून घेतलं आणि कागद जोडला. मला वाटलं, आता झालं.

पण नुसत्या कागदावर भागत नाही, चालीरीतीही बघतात, असं सांगण्यात आलं. अधिकारी घरी येऊन चौकशी करणार. तुमचे देव, तुमची लग्नं, मयताच्या रीती, भाषा, नाच-गाणी. त्या जमातीशी तुमचं नातं जुळतं का, ते पारखणार.

माझ्या शेजारचा वर्ग ज्यांच्याकडं होता त्या मॅडम बौद्ध. आमचं डबा खाणं रोजचं एकत्र. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घास हातातच ठेवला. मी विचारलं, तुमच्या वेळी असं काही झालं होतं का? त्या म्हणाल्या, "कागद मला बी काढावा लागला, चकरा बी मारल्या. पण नाचून दाखव म्हणून कोणी म्हटलं न्हाई. आमची जात लोकांला आमच्या आधी कळती. गावात घर कोणत्या अंगाला हाय, एवढं विचारलं की झालं."

चौकशी वैशाखात आली. सुट्ट्या होत्या, मी आदल्या दिवशीच वाडीला जाऊन राहिले. नवरा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कामाला, पाण्याची पाळी चालू असल्यानं त्याला सुट्टी मिळाली नाही. सकाळी अकराच्या सुमारास जीप आली. एक अधिकारी, पन्नाशीचे, मानेवर ओला रुमाल, आणि लिहून घेणारा एक मदतनीस. लिंबाखाली बाज टाकली, वहिनीनं पाणी दिलं, चहा दिला. वाडीतली माणसं जरा लांब येऊन बसली. अधिकारी बाबांना 'आजोबा' म्हणत होते आणि सगळं सौम्यपणे विचारत होते, हे मला सांगितलं पाहिजे.

त्यांच्याकडं छापील कागद होता. कुलदैवत कोणतं? बाबांनी सांगितलं. ते तर सगळ्यांचंच असतं, अधिकारी म्हणाले आणि मदतनिसानं लिहिलं. मूल झाल्यावर काय करता? पाचवी पूजतो. लग्नात? हळद, मांडव, मामा. मयताचं? बाबांनी तेही सांगितलं, दिवस किती पाळतो ते, कोणत्या दिवशी कोण जेवतं ते. अधिकारी प्रत्येक वेळी मान हलवून म्हणायचे, हेही इतरांसारखंच आहे. आत भिंतीवर गणपतीचा फोटो दिसत होता, त्याबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, पोरं बसवतात आताशा.

"घरात वेगळी भाषा बोलता का?"

"हेच बोलतो."

"म्हणजे मराठी."

"आता तुमी म्हंता, तर मराठी."

अधिकारी हसले. म्हणाले की आजोबा, मग वेगळं काय आहे तुमच्यात? यावर बाबांनी थोडा विचार केला. मला अजून त्यांचं उत्तर शब्दाला शब्द आठवतं. "साहेब, शेजारी शेजारी ऱ्हायलं की एकमेकाचं येतंच. त्यांचं आमच्याकडं आलं, आमचं त्यांच्याकडं गेलं. कोणचं कोणाचं, कोन निवडत बसणार?"

हे वाक्य लिहायला त्या छापील कागदावर जागा नव्हती. मदतनिसानं पेन उचलून अधिकाऱ्यांकडं बघितलं, त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

नाच-गाणी. पारंपरिक नृत्याचा काही पुरावा आहे का, फोटो वगैरे? भाऊ म्हणाला, दंडार असते, पण दिवाळीत अंधारात कोण फोटो काढणार, आणि काढायचे असतात हे कुणाला ठाऊक. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. मी बघत होते की छापील कागदाचा एक एक रकाना 'इतरांसारखेच' म्हणून भरत चाललाय. माझी अकरा वर्षांची नोकरी, माझी दोन लेकरं, हप्त्यात घेतलेलं बाळापूरचं घर, सगळं त्या एका शब्दाखाली जाऊन बसत होतं. आणि मी फोन काढला.

मी तो फोटो त्यांच्यासमोर धरला. पिसं, पानांचे घागरे, भाले, काळे रंगवलेले हात.

अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला. "हे बघा, हे पाहिजे होतं. आधी का नाही दाखवलं? याची एक प्रत द्या मला." त्यांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला आणि मग चांगुलपणानं बाबांच्या पुढं धरला. "आजोबा, हा तुमचाच नाच ना?"

बाबांनी डोळे बारीक करून बघितलं. त्यांची नजर चांगली होती, हे मी सांगितलंच आहे. मधे उभी असलेली मी त्यांनी ओळखली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. माझी इच्छा होती की त्यांनी हो म्हणावं. हे मी लपवणार नाही. माझ्या बापानं खोटं बोलावं अशी माझी त्या क्षणी मनापासून इच्छा होती.

"न्हाई," बाबा म्हणाले. "हे आमचं न्हाई. हे कोणाचंच न्हाई."

अधिकाऱ्यांनी फोन मला परत दिला. रागावले नाहीत, जरा कंटाळले. म्हणाले, "मग तुमचं जे आहे ते दाखवा आजोबा. मला काहीतरी लिहावं लागेल."

बाबांनी समजावून सांगितलं की दंडार दिवाळीत बसते आणि शेवटी तिची बोळवण करतात. शिवेपर्यंत वाजवत जायचं, तिथं नारळ फोडायचा आणि ढोलकं मुकं करून परत आणायचं. एकदा बोळवली की पुढच्या दिवाळीपर्यंत तिचा शब्द तोंडातून काढायचा नाही. वैशाखात ती कशी दाखवणार? अधिकारी म्हणाले की ते ठीक आहे, पण मग मी कोरंच लिहू का?

बाबा बराच वेळ लिंबाच्या बुंध्याकडं बघत बसले. मग उठले, आत गेले. देवाच्या कोनाड्यापुढं उभं राहून ते काहीतरी पुटपुटताना मला दारातून दिसलं. बाहेर आले ते डोक्याला पटका गुंडाळून. चपला त्यांनी उंबऱ्यातच काढल्या. लांब बसलेल्यांमधले एक म्हातारे, बाबांबरोबर जन्मभर दंडारीत टाळ धरलेले, हे बघून उठले आणि कुणाला काही न बोलता आपल्या घराकडं चालू लागले.

बाबांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून नमन म्हणायला सुरुवात केली. ढोलकं नाही, टाळ नाही. आधी धरतीचं नमन, मग शिवेचं, मग डोंगराचं, मग मेलेल्या माणसांचं, नावं घेत घेत. पाय दोन पुढं, एक मागं. वैशाखातली भर दुपारची जमीन, तिच्यावर उघडे पाय. अधिकारी फोनवर चित्रण करत होते. दोनेक मिनिटं झाली असतील. त्यांनी फोन खाली केला आणि म्हणाले, "झालं आजोबा, पुरे. एवढं बस झालं."

बाबा थांबले नाहीत. नमन अर्धं सोडता येत नाही. अधिकारी जरा वेळ उभे राहिले, मग भावाला म्हणाले की उन्हाचं त्यांना बसवा आता, आम्हाला पुढं आणखी एक गाव करायचंय. कागदावर माझी सही घेतली. जीप चालू झाली, वळली, धूळ उडाली. बाबा अजून मेलेल्यांची नावं घेत होते. मी तिथंच उभी होते. संपलं तेव्हा अंगणात आम्ही घरचीच माणसं राहिलो होतो. वहिनीनं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. तळवे लाल झाले होते. ते एवढंच म्हणाले की जमीन तापलीय लई. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी त्यांची माफी मागितली नाही. फोटोबद्दलही आमचं कधी बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला जाणाऱ्या जीपगाडीची वाट बघत फाट्यावर उभी असताना मी तो फोटो फोनमधून काढून टाकला. त्यानं काय होतं?

प्रमाणपत्र आषाढात आलं. वैध. शाळेत सगळ्यांनी अभिनंदन केलं, सर म्हणाले पेढे पाहिजेत. प्रमाणपत्राबरोबर निर्णयाचा एक टाइप केलेला आदेश होता, तीन पानांचा. तो मधल्या सुट्टीत मी आणि शेजारच्या मॅडमनी मिळून वाचला. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराच्या कुटुंबाच्या चालीरीती आसपासच्या समाजाहून वेगळ्या आढळल्या नाहीत. सादर केलेलं नृत्य-गायन या भागात सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या लोककलेसारखं आहे, त्यावरून जमातीशी नातं सिद्ध होत नाही. मात्र स्वातंत्र्यपूर्व काळातल्या जमिनीच्या उर्दू कागदात आजोबांच्या नावापुढं 'आंध' अशी स्पष्ट नोंद असल्यानं दावा वैध ठरवण्यात येत आहे.

मॅडमनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "बाबाला हे वाचून दाखवू नका."

मी ते कितीदा मनात उलटंपालटं केलं असेल. एका राजवटीच्या कारकुनानं, त्याला आमच्याशी काही देणंघेणं नसताना, एका अक्षरावर एक खूण केली म्हणून या देशात मी मी आहे. आणि माझा जिवंत बाप, त्याची बोली, त्याचे देव, त्याचे भाजलेले पाय, हे सगळं तपासून खाली लिहिलं गेलं की सिद्ध होत नाही. तो कागद वैशाखाआधीच फायलीत लागलेला होता. म्हणजे बाबा गायले नसते तरी निकाल हाच आला असता.

दिवाळीला मी लेकरांना घेऊन वाडीला गेले. पाडव्याच्या रात्री दंडार घरोघर फिरत होती. बाबा मात्र आत बाजेवर बसलेले. मी भावाला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की दसऱ्यालाच त्यांनी दंडारीचं पुढारपण सोडलं. माणसं समजूत घालायला आली होती. ते टाळवाले म्हातारेही आले होते. म्हणाले, लेकीसाठी केलं, देवाला कळतं. पण बाबांचं म्हणणं एकच, बोळवलेली दंडार मी वैशाखात उकरली, आता माझ्या तोंडचं नमन चालायचं न्हाई. शिकवा तरी, असं पोरं म्हणाली. त्यालाही ते नाही म्हणाले. आता चुलतभाऊ पुढं असतो. त्याला नमन सगळं येत नाही. मेलेल्यांची नावं तर निम्मीसुद्धा येत नाहीत.

दंडार आमच्या अंगणात आली. माझी लेकरं बाहेर पळाली. मी आत बाबांजवळ बसून राहिले. चुलतभावानं नमन धरलं. धरतीचं झालं, शिवेचं झालं, डोंगराचं अर्धं म्हणून तो पुढं सरकला. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. तो जिथं जिथं गाळायचा तिथं तिथं बाबांचे ओठ हलत होते, आवाज न करता. मग ढोलकं पुढच्या घराकडं गेलं.

बाबांनी विचारलं, "तुजा तो कागद आला म्हणे?"

मी म्हटलं, आला.

"त्यात माजं नमन लिव्हलंय का?"

"व्हय बाबा. लिव्हलंय."

"समदं?"

"समदं लिव्हलंय."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर हाय," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या मागितला. मी उठून माठाकडं गेले.